फासा पडण्याआधी ठरवा : फँटसी वॉरगेममधल्या चाली आणि चार्जचे वाद

“माझं युनिट तिथे पोहोचतं की नाही?” छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडून खेळणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्याची रूपं अनेक असतात. वळताना अंतर कुठून मोजायचं? शत्रूवर चार्ज केला, म्हणजे धावून भिडलं, ते समोरून की बगलेतून? दोन युनिटांच्या मधल्या फटीतून घोडदळ जातं का? नियमपुस्तक उघडलं तर तिथे दोन वाक्यं सापडतात, आणि ती दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीची वाटतात. अर्धा तास जातो, चहा गार होतो, आणि खेळ नव्याने शिकणारा माणूस पुढच्या रविवारी येत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं. म्हणून हा लेख लिहितो आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. यातले बहुतेक वाद नियम अपुरे असल्यामुळे होत नाहीत. प्रश्न उशिरा विचारला जातो, म्हणून होतात. फासे पडायच्या आधी विचारलं तर दोघेही उत्तराकडे मोकळ्या मनाने बघतात. फासे पडल्यावर एका उत्तराने तुमचं घोडदळ वाचतं आणि दुसऱ्याने समोरच्याचं, मग मोकळं मन कुठून आणणार? पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

आधी नक्की करा : कोणता खेळ, कोणती आवृत्ती

“वॉरहॅमर खेळतो” एवढ्याने काहीच कळत नाही. गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर फँटसी बॅटल’ १९८३ साली आला आणि आठ आवृत्त्यांनंतर २०१५ मध्ये त्याची जागा ‘एज ऑफ सिग्मार’ने घेतली. सैनिकांखालच्या चौकोनी बेसवर रांगा लावून खेळायची जुनी पद्धत ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जानेवारी २०२४ मध्ये परत आली. मधल्या काळात जुन्या खेळाडूंनी ‘द नाइन्थ एज’ हा स्वतःचा नियमसंच उभा केला. मँटिक गेम्सचा ‘किंग्ज ऑफ वॉर’ही अनेकांनी जवळ केला. तो लिहिणारे आलेस्सिओ कावातोरे पूर्वी वॉरहॅमरचेच एक प्रमुख लेखक होते. सैनिक तेच, टेबल तेच, पण चार्जचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा.

उदाहरण घ्या. तुमचं पायदळ ४ इंच चालीचं आहे आणि शत्रू ९ इंचांवर उभा आहे.

- फँटसी बॅटल, आठवी आवृत्ती (२०१०) : चालीत दोन फाशांची बेरीज मिळवायची. ५ किंवा जास्त हवेत. शक्यता ३६ पैकी ३०, म्हणजे सुमारे ८३ टक्के.
- द ओल्ड वर्ल्ड : दोन फाशांपैकी फक्त मोठा आकडा धरायचा. इथेही ५ किंवा ६ हवा, पण शक्यता ३६ पैकी २०, सुमारे ५६ टक्के. कमाल पल्ला १० इंच. आठव्या आवृत्तीत तो १६ इंच होता.
- फँटसी बॅटल, सातवी आवृत्ती : चालीच्या दुप्पट, म्हणजे सरळ ८ इंच. चार्ज फसला. शिवाय जाहीर करण्याआधी टेप लावायची परवानगीच नव्हती, अंतर नजरेने जोखायचं.
- किंग्ज ऑफ वॉर : स्पीडच्या दुप्पट, फासा नाही. स्पीड ५ असेल तर १० इंच, पोहोचलात.
- एज ऑफ सिग्मार : दोन फाशांची बेरीज हेच चार्जचं अंतर. त्यात चाल मिळवायची नाही, पण शत्रूपासून अर्ध्या इंचात थांबलं तरी पुरतं. ९ इंचांसाठी ९ पडायला हवेत. ३६ पैकी १०.

दोन अनुभवी खेळाडू एकमेकांना “असंच असतं” म्हणून ठासून सांगतात, तेव्हा बहुतेकदा दोघेही बरोबर असतात. फक्त वेगवेगळ्या आवृत्तीत. म्हणून आवृत्तीचं नाव घेतल्याशिवाय नियमाबद्दल बोलायचंच नाही, अशी सवय लावून घ्या. ज्यांनी सातव्या आवृत्तीत वर्षानुवर्षं नजरेने अंतरं जोखली, त्यांच्या हाताला जुनं वळण असतं. ते फसवत नाहीत, आठवणीवर खेळत असतात.

सामन्याआधीची दहा मिनिटं

गल्ली क्रिकेटमध्ये चेंडू कुंपणापलीकडे गेला तर चौकार की आऊट, हे बॅट हातात घेण्याआधी ठरतं. इथेही तसंच करा. समोरच्याबरोबर टेबलाभोवती एक फेरी मारा आणि एवढं बोलून घ्या :

- प्रत्येक अडथळा काय आहे. जंगलातून जाता येतं का, आणि गेलं तर काय किंमत? टेकडी कुठे संपते? कोणती इमारत दुर्गम? जंगलाची हद्द म्हणजे झाडांखालचा पुठ्ठा की झाडांच्या फांद्या? माझं मत पुठ्ठ्याच्या बाजूने. कापलेली कड दोघांनाही सारखीच दिसते.
- ट्रे धरायचा की नाही. रांगांची युनिटं ज्या ट्रेमध्ये सरकवतो त्याला दोन-तीन मिलिमीटरची कड असते. ती मोजमापात धरू नये. अंतर बेसपासून बेसपर्यंत.
- दृष्टिरेषा. सैनिकाच्या डोळ्यांतून वाकून बघायचं, की नियमपुस्तकातले उंचीचे आकडे वापरायचे? तुमचा खेळ यातलं एक सांगतो. ते आधीच उघडून बघा.
- डगमगणारा सैनिक. उतारावर तोल जात असेल तर त्याला शेजारी ठेवा आणि खऱ्या जागी फासा ठेवा. मोजमाप त्या जागेवरून.
- चाल मागे घेणं. कुठपर्यंत चालेल? माझी शिफारस : पुढचं युनिट हलवेपर्यंत किंवा फासा टाकेपर्यंत, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत.
- टेप एकच. दोघांनी एकच टेप वापरा, आणि इंचांची बाजूच वापरा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. कोणी “अडीच सेंटिमीटर” धरून १४ इंच मोजले तर साडेपाच मिलिमीटर हरवतात, म्हणजे जवळजवळ पाव इंच. चार्ज एवढ्यावरच फसतो.

इरादा बोलून दाखवा

सगळ्या लेखातली एकच सूचना पाळणार असाल तर ही पाळा. युनिट हलवताना काय साधायचं आहे, ते मोठ्याने सांगा आणि समोरच्याकडून होकार घ्या.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. तुम्हाला तुमचे भालाईत अशा जागी ठेवायचे आहेत की शत्रूच्या रथाला त्यांच्या बगलेत शिरता येऊ नये. नुसते ठेवून दिलेत आणि पुढच्या पाळीला समोरच्याने टेप लावून “दोन मिलिमीटरने बगल उघडी आहे” म्हटलं, तर वाद अटळ. त्याऐवजी ठेवतानाच म्हणा, “हे मी असे ठेवतोय की तुझा रथ फक्त समोरूनच येऊ शकेल. तुला पटतंय का? बघ, इथून रेषा लावतो.” तो वाकून बघेल. म्हणेल, “अजून थोडं डावीकडे फिरव, मग पटेल.” तुम्ही फिरवाल. प्रश्न मिटला. नंतर कोणाचा तरी हात लागून युनिट सरकलं, तरी काय ठरलं होतं ते दोघांच्या लक्षात असतं.

असंच अंतराचंही. “हे धनुर्धारी तुझ्या घोडदळापासून १७ इंचांवर थांबवतोय, म्हणजे तुझ्या चार्जच्या बाहेर” हे वाक्य बोललं गेलं की पुढच्या पाळीला टेप पावणेसतरा दाखवत असली तरी प्रामाणिक खेळाडू सतराच धरतो. हे औदार्य नाही. होकार देताना त्याने ते अंतर मान्य केलेलं असतं.

समोरचा असा इरादा सांगत असेल तर तुमच्यावरही एक जबाबदारी येते. त्याचा अंदाज चुकतोय हे दिसत असेल तर तेव्हाच सांगा. गप्प राहून नंतर पकडणं नियमात बसत असेलही, पण त्यावर जिंकलेला सामना मला जिंकल्यासारखा वाटत नाही. डावपेच लपवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. भूमिती लपवायचा नाही. “मी पुढच्या पाळीला कुठे जाणार” हे सांगू नका, पण “इथून तिथे अंतर किती” हे विचारलं तर खरं सांगा.

मोजमापात नेमकं कुठे चुकतं

*पुढून पुढे, मागून मागे.* गोल बेसचा सैनिक हलवताना टेप पुढच्या कडेला लावायची आणि सैनिक टेपच्या आकड्यापलीकडे ठेवायचा, ही फार रुळलेली चूक आहे. ३२ मिलिमीटरच्या बेसला यात सव्वा इंच फुकट मिळतो. पुढच्या कडेपासून निघालात तर पुढची कडच आकड्यावर आली पाहिजे. लांबट बेसचा मोठा राक्षस फिरवताना तर जास्तच सांभाळा. जागच्या जागी फिरल्यानेही त्याचं टोक शत्रूच्या जवळ जातं, आणि ते अंतर कसं धरायचं हे तुमच्या आवृत्तीत लिहिलेलं असतं.

*वळण.* रांगेचं युनिट एका कोपऱ्यावर फिरतं, दाराच्या फळीसारखं. अंतर बाहेरच्या कोपऱ्याने कापलेलं मोजायचं असतं. आता २५ मिलिमीटर बेसचे पाच सैनिक शेजारी शेजारी ठेवा. रुंदी १२५ मिलिमीटर. पूर्ण काटकोनात फिरलात तर बाहेरचा कोपरा कमानीने १९६ मिलिमीटर जातो, म्हणजे ७.७ इंच. टेप सरळ धरून सुरुवात आणि शेवट जोडलात तर ७ इंच भरतात. हा पाऊण इंच टेपच्या सरळपणातून येतो. मोठ्या वळणाला दोरा वापरा : कमानीवर ठेवा, मग सरळ करून टेपवर मोजा. छोट्या वळणात हा फरक इतका कमी असतो की त्यासाठी अडून बसू नका.

चार्ज करताना घेतलेलं वळण चार्जच्या अंतरात धरायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. कुणाच्या आठवणीवर ठरवू नका. चार्जच्या पानावर ‘अंतर कसं मोजायचं’ आणि ‘युनिट कसं हलवायचं’ हे दोन परिच्छेद वेगवेगळे असतात. दोन्ही वाचा. बहुतेक गोंधळ पहिलाच वाचल्यामुळे होतो.

*‘विदिन’ आणि ‘होली विदिन’.* नियम इंग्रजीत असल्यामुळे एवढं लक्षात ठेवावंच लागतं. नुसतं ‘विदिन’ असेल तर बेसचा एखादा भाग आत आला तरी चालतो. ‘होली विदिन’ असेल तर सबंध बेस आत हवा, आणि युनिटाबद्दल म्हटलं असेल तर प्रत्येक सैनिकाचा.

*‘नऊ इंचांपेक्षा जास्त’.* एज ऑफ सिग्मारमध्ये अचानक प्रकट होणारी युनिटं शत्रूपासून ९ इंचांपेक्षा दूर मांडायची असतात. मग चार्जला ९ पुरतात की १० लागतात, असं नवे खेळाडू नेहमी विचारतात. अगदी काठावर मांडलं असेल तर ९ पुरतात, कारण अर्ध्या इंचात थांबायची सवलत आहे. ८ पुरत नाहीत. मांडतानाच “नऊच्या जेमतेम बाहेर” असं बोलून ठेवा.

फटीतून जाणारं युनिट

या प्रकरणावर थोडं थांबतो, कारण इथे दोन्ही बाजू मनापासून बरोबर असल्याचं मानतात.

पडका बुरूज आणि एक खडक, दोन्ही दुर्गम ठरवलेले. मधली फट ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर. तुमचं घोडदळ ३० गुणिले ६० मिलिमीटरच्या बेसवर, पाच जणांच्या दोन रांगा. रुंदी १५० मिलिमीटर, खोली १२०. पलीकडे, थोडेसे उजवीकडे, शत्रूचे धनुर्धारी.

तुम्ही म्हणता, दीडशेचं युनिट एकशे अठ्ठ्याहत्तरच्या फटीतून सहज जातं. बरोबर आहे, सरळ गेलं तर. पण धनुर्धाऱ्यांना भिडायला फटीतच वळावं लागत असेल तर हिशेब बदलतो. चौकोन तिरपा झाला की जास्त जागा व्यापतो. फक्त २० अंश फिरलात तरी तुमच्या घोडदळाला सुमारे १८२ मिलिमीटर लागतात. कोपरा खडकात घुसला. समोरचा म्हणतो, “अशक्य.” तोही बरोबर आहे.

हा वाद बोलून मिटत नाही, दाखवून मिटतो. त्यासाठी :

1. जाड पुठ्ठ्यातून प्रत्येक युनिटाच्या मापाचा चौकोन आधीच कापून आणा. वर नाव आणि समोरची बाजू लिहा.
2. चार्ज जाहीर करण्याआधी पुठ्ठा फटीतून सरकवून बघा. वळण फटीआधी घेतलं तर? फट ओलांडल्यावर घेतलं तर? बहुतेक खेळांत चार्जमध्ये एकच वळण मिळतं, साधारण ९० अंशांपर्यंत. ते कुठे घ्यायचं हे तुम्हीच ठरवता.
3. वाट सापडली तर समोरच्याला तीच वाट पुठ्ठ्याने दाखवा आणि त्याचा होकार घ्या.
4. सापडली नाही तर चार्ज जाहीर करू नका. “फासे टाकून बघू” म्हणण्याची ही जागा नाही. अंतर फाशांवर ठरतं, फट फाशांनी रुंद होत नाही.

पुठ्ठ्याचा आणखी एक फायदा आहे. रंगवलेले सैनिक पुन्हा पुन्हा उचलावे लागत नाहीत, भाले मोडत नाहीत, आणि मूळ जागाही पुसली जात नाही. तरीही युनिट हलवायचंच असेल तर आधी त्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांशी एकेक फासा ठेवा. मूळ जागा हरवली की पुढची कुठलीच चर्चा पुराव्यावर होत नाही.

फँटसी बॅटलच्या आठव्या आवृत्तीत एकमेकांपासून एक इंच दूर राहण्याचा नियम आहे, पण चार्ज करणाऱ्याला त्यातून सूट असते. साध्या चालीला नसते. शत्रूला जेमतेम चाटून पुढे सरकणारी ‘चाल’ बहुतेकदा इथेच अडते.

समोर, बगल की पिछाडी?

रांगांच्या खेळात युनिटाच्या चारही कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा निघतात आणि समोर, दोन बगला, पिछाडी असे भाग पडतात. कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या यासाठी उत्तम. बेसच्या कोपऱ्याला लावला की रेषा समोर येते.

महत्त्वाचं एवढंच : कोणत्या बाजूला चार्ज झाला हे चार्ज जाहीर करताना तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, धावून शेवटी कुठे पोहोचलात त्यावर नाही. समोर उभं राहून, वळसा घालून बगलेत घुसता येत नाही. फँटसी बॅटलमध्ये तुमच्या युनिटाचा जास्त भाग कोणत्या क्षेत्रात आहे ते बघतात. किंग्ज ऑफ वॉरमध्ये तुमच्या युनिटाच्या पुढच्या कडेचा मध्यबिंदू कुठे आहे ते बघतात, म्हणून तिथे हा वाद क्वचितच होतो. त्या बिंदूवर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा.

युनिट रेषेवर अगदी अर्धं-अर्धं असेल तर चार्ज जाहीर करण्याआधीच विचारा, “तू याला समोर धरतोस की बगल?” दोघांची मतं वेगळी असतील तर इथेच फासा टाका. चार्ज करायचा की नाही हे नंतर ठरवा. हा क्रम उलटा करू नका.

क्रम पाळा

जाहीर करणं, प्रत्युत्तर, फासे, हालचाल. बहुतेक रांगांच्या खेळांत हाच क्रम असतो, आणि घाईत पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात. तुम्ही चार्ज जाहीर केल्यावर समोरच्याला निवड असते : जागीच उभं राहायचं, बाण सोडायचे, की पळ काढायचा. त्याने निवड सांगण्याआधी फासे टाकलेत तर त्याला तुमचा आकडा बघून निवडता येतं, किंवा तसा आरोप तरी होतो. दोन्ही वाईट.

- लक्ष्याचं आणि चार्ज करणाऱ्याचं नाव घेऊन चार्ज जाहीर करा. “हे यांच्यावर” असं बोट दाखवून नको.
- प्रत्युत्तर ऐकल्याशिवाय फासे हातात घेऊ नका.
- अनेक चार्ज असतील तर कोण आधी हलणार हे विचारपूर्वक ठरवा. पहिलं युनिट शत्रूसमोरची सगळी जागा अडवून बसलं आणि दुसऱ्याला शिरता आलं नाही, तर तो तुमचा प्रश्न.
- पळणाऱ्याची दिशा चार्ज करणाऱ्यापासून सरळ दूर. आठव्या आवृत्तीत ती दोन्ही युनिटांच्या मध्यापासून काढतात. अंदाजे ढकलू नका, पट्टी लावा.
- फसलेल्या चार्जलाही हालचाल असते. आठव्या आवृत्तीत दोन फाशांपैकी मोठ्या आकड्याइतकं पुढे जावंच लागतं. “फसला, मग इथेच राहतो” चालत नाही.

तरीही अडलं तर

पाच मिनिटांची मर्यादा घाला आणि या क्रमाने जा :

1. नियमाचं पान उघडा. वाक्य मोठ्याने वाचा, सबंध परिच्छेद वाचा. वाद बऱ्याचदा पुढच्याच ओळीत सुटतो.
2. खास नियम सामान्य नियमावर मात करतो. तुमच्या फौजेच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते मुख्य पुस्तकाच्या वर.
3. दुरुस्त्या आणि प्रश्नोत्तरं बघा. गेम्स वर्कशॉप ती मोफत प्रसिद्ध करतं. छापील पुस्तकापेक्षा ती नवी असतात, म्हणून त्यांचा मान आधी. सामन्याआधी फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि त्यावरची तारीख बघा.
4. लेखकाचं मत म्हणून फिरणारी वाक्यं पुरावा म्हणून धरू नका. छापील दुरुस्तीत नसेल तर ते एका जाणकाराचं मत, एवढीच त्याची किंमत.
5. साधा अर्थ निवडा. दोन अर्थ निघत असतील तर ज्यात दोन्ही युनिटं समोरासमोर नीट भिडतात आणि कोणालाही कोपऱ्याच्या मिलिमीटरवर बक्षीस मिळत नाही, तो घ्या.
6. शेवटी फासा. आठव्या आवृत्तीत हे लिहूनच ठेवलं आहे : १ ते ३ पडले तर एकाचं मत, ४ ते ६ पडले तर दुसऱ्याचं, आणि तो निर्णय उरलेल्या सबंध सामन्याला लागू. हा शेवटचा भाग लोक विसरतात. पुढच्या पाळीला तोच प्रश्न उलट्या बाजूने आला तरी निर्णय तोच.

फासा टाकून ठरवणं म्हणजे हरणं, असं काही जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यामुळे सामना पुढे जातो आणि खरं उत्तर शांतपणे शोधायला घरी वेळ मिळतो. फक्त पहिल्या तीन पायऱ्या टाळण्यासाठी त्याचा वापर होऊ देऊ नका. “चल, फासा टाकू” असं लगेच म्हणणारा बहुतेकदा पान उघडू इच्छित नसतो.

तुमचे हक्क

नवे खेळाडू हे मागायला बिचकतात. बिचकू नका.

- समोरच्याच्या युनिटाचा खास नियम छापील स्वरूपात बघायला मागणं. “माझ्यावर विश्वास ठेव” हे उत्तर पुरेसं नाही.
- फासे टाकण्याआधी अंतर पुन्हा मोजायला लावणं, आणि स्वतः टेप धरणं.
- समोरच्याच्या फौजेची यादी. काय दाखवायचं आणि काय झाकायचं याचे नियम खेळागणिक वेगळे असतात. जे उघड आहे ते विचारता येतं.
- स्पर्धेत पंचाला बोलावणं. त्यात अपमान कोणाचाच नाही. पंच आल्यावर दोघांनी आपापली बाजू एकेका वाक्यात सांगावी आणि युनिटांना हात लावू नये. हलवलेल्या युनिटावर पंच निर्णय देऊ शकत नाही.
- बुद्धिबळाचं घड्याळ लावून खेळत असाल (किंग्ज ऑफ वॉरच्या स्पर्धांत ते रुळलेलं आहे) तर पंच येईपर्यंत ते थांबवायचं का, हे स्पर्धेच्या माहितीपत्रकात आधीच बघून ठेवा.

पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी तो त्या सामन्यापुरता मानायचा. दाद मागायची ती सामन्यानंतर, पान दाखवून.

घरच्या टेबलावर खेळणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बरेच जण मित्राच्या घरी खेळतात. तिथे पंच नसतो आणि तेच चार-पाच जण पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून एक वही ठेवा. वाद झाला की तारीख, खेळ, आवृत्ती, प्रश्न आणि ठरलेलं उत्तर, एवढं लिहायचं. शक्य असेल तर छोटी आकृती काढायची. महिन्याभरानंतर “मागच्या वेळी तू उलटं म्हणाला होतास” हे वाक्य आपोआप बंद होतं.

घरचे नियम बनवायला घाबरू नका. २०१५ साली एज ऑफ सिग्मार आला तेव्हा अंतर बेसपासून नव्हे, सैनिकाच्या अंगापासून मोजायचं होतं. बाहेर आलेला भाला आणि पसरलेले पंखही हिशेबात येत. खेळणाऱ्यांना ते पटेना. ठिकठिकाणच्या गटांनी आणि स्पर्धांनी स्वतःच बेसपासून मोजायला सुरुवात केली, आणि २०१८ च्या आवृत्तीत तेच अधिकृत झालं.

मात्र घरच्या नियमाला दोन अटी घाला. तो सामना सुरू नसताना ठरलेला असावा, आणि नवी दुरुस्ती किंवा नवी आवृत्ती आली की वहीतली प्रत्येक नोंद पुन्हा तपासावी. जी नोंद पुस्तकातच आली ती खोडा. नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी वही वाचायला द्या, आणि त्याला एखादी नोंद पटली नाही तर ती पुन्हा चर्चेला घ्या.